अकरा नंबरच्या बंगल्यातली आठ मुलं

कागदावर बघाल तर टेकडी रस्त्यावरच्या अकरा नंबरच्या बंगल्यात चार ते सहा वर्षांची आठ मुलं राहत होती. प्रत्यक्षात तिथे राहत होत्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, त्यांचा संधिवात आणि एक आळशी मांजर. आठही मुलांचे आईबाप वेगळे, आणि त्यातल्या एकानेही त्या बंगल्याची पायरी चढलेली नव्हती. हा सगळा उद्योग मोठ्या बाईंचा. पत्त्याच्या रकान्यात, वळणदार अक्षरात, त्यांनीच तो लिहिलेला.

मोठ्या बाई म्हणजे खालच्या वस्तीतल्या बालवाडीच्या मुख्य बाई. उंचीने जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की बाहेर गोदामापाशी गाडी मागे घेणारा ट्रकवालासुद्धा दचकून ब्रेक दाबायचा. सव्वीस वर्षं त्यांनी एकाच लांबट खोलीत काढली होती. खोलीला चार खिडक्या, त्यातल्या उघडणाऱ्या दोन. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्या आणि खुंट्यांना चिमुकल्या पिशव्या. वस्तीतली निम्मी तरणी माणसं त्या खोलीत नाक पुसायला शिकून गेली होती. बाईंना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्या म्हणायच्या, "वीस आहेत. आणखी कशाला?"

आता तुम्ही म्हणाल, एवढी जाणती बाई, मग खोटे पत्ते कशाला? तर ऐका. वस्तीला एक प्राथमिक शाळा होती. एका वर्गात साठ पोरं, आणि मास्तर आले तर आले. टेकडीवर दुसरी शाळा होती, तीही सरकारीच, तीही फुकटच; पण तिथे मास्तर रोज यायचे, प्रत्येक वर्गात पुस्तकांचं कपाट होतं, आणि नियम असा होता की टेकडीवर राहणाऱ्याच मुलाला घ्यायचं. नियम करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण टेकडीवर राहायचं कुणी, तर ज्याला परवडतं त्याने. आणि त्याच टेकडीवरची भांडी घासायची, कपडे धुवायचे, कुत्री फिरवायची, ती मात्र खालून चढून येणाऱ्यांनी. हे बाईंना पहिल्यापासून सलत होतं.

एकदा डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला असलेली बाई मुलीच्या प्रवेशाचा कागद हातात घेऊन रडत बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, लिही की माझा पत्ता! मला काय तिचं अंथरूण घालायचंय?" त्या बाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून कागद मोठ्या बाईंकडे आला, आणि बाईंनी लिहिला. पोरगी टेकडीच्या शाळेत गेली, पुढे नर्स झाली. झालं! एका पत्त्याचे चार झाले, चाराचे चौदा. कुणाला नऊ नंबर, कुणाला तेरा नंबर, पण अकरावर बाईंचा विशेष जीव. टेकडीच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलालाच विचारायचे, "बाळ, तू कुठे राहतोस?" म्हणून बाई पत्ता पाठ करून घ्यायच्या. "मी राहतो अकरा नंबरच्या बंगल्यात, टेकडी रस्त्यावर." न अडखळता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. गाणी नंतर, पत्ता आधी.

दोन वर्षांपूर्वी सरकारने बालवाड्यांसाठी समता अनुदान काढलं. जिथली मुलं मागे पडायची भीती जास्त, तिथे सरकारने हात जरा सैल सोडायचा, असा त्यातला विचार. वस्तीत त्याला समता वगैरे कुणी म्हटलं नाही, 'जादाचे पैसे' म्हटलं. त्या पैशांतून बालवाडीत ताई आली. बाईंची जेवढी नोकरी, तेवढंच तिचं वय. ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांची जीभ अडते, जी बोलतच नाहीत, अशा मुलांना बोलतं करण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. बाईंना आधी वाटलं, आली आणखी एक प्रमाणपत्रवाली. मग महिनाभरात त्यांनी पाहिलं, की लॉन्ड्रीत काम करणाऱ्या बाईचा मुलगा, जो कानामागचं यंत्र ओढून थेट गटारात फेकायचा, तो ते लावून ताईच्या मांडीवर बसलाय आणि ट्रकचा आवाज आला की बोट वर करतोय. वस्तीने त्या पोराचं नाव लाडाने कानसेन ठेवलं. त्या दिवशी बाई ताईला म्हणाल्या, "तू इथून हललीस तर बघ माझ्याशी गाठ आहे."

ताईकडे अशी चार मुलं होती, आणि चौथी होती बडबडी. साडेचार वर्षांची. आईबाप रस्त्याच्या कामावर परगावी, पोर आजीपाशी. आजी गोदामाच्या मागे पत्र्याच्या खोलीत इस्त्रीचं काम करायची. घरात ही पोरगी आजीशी दोन-चार शब्द बोलायची. उंबऱ्याबाहेर पडली की एक अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, कान ठीक, घसा ठीक, मनातली भीती आहे. आजीने तिचं नाव बडबडी ठेवलं. लोक हसले तर म्हणायची, "हसा! म्हणत राहिलं की होतं कधीतरी."

ताईने बडबडीला शिकवायला घेतलं तेच मुळी ठेक्यावर. दोघी समोरासमोर बसायच्या आणि गुडघ्यांवर थापा मारायच्या, एक थाप एक शब्द. मी. राहते. अकरा. नंबरच्या. बंगल्यात. टेकडी. रस्त्यावर. बडबडीला हा ठेका फार आवडायचा. ती थापा बरोबर मारायची, ओठही हलवायची, पण आवाज नाही. आठ महिने रोज. पत्ता खोटा आहे हे ताईला मागाहून कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाई, हिला तरी खरा शिकवू या ना. कुठे चुकली, हरवली तर?"

बाई म्हणाल्या होत्या, "हरवली तर अख्खी वस्ती ओळखते तिला. टेकडीच्या शाळेत कोण ओळखतं? कागदावर आहे तोच शिकव." आणि ताईने शिकवला.

आणि मग ते पत्र आलं. यंदापासून अनुदान मुलांच्या पत्त्यांवरून ठरणार होतं. "आपल्या केंद्रातील वीस बालकांपैकी चौदा बालके सुस्थितीतील विभागात वास्तव्यास असल्याचे दिसून येते. सबब समता अनुदान पुढील महिन्यापासून बंद करण्यात येत आहे."

"सुस्थितीत?" बाई कडाडल्या. पोरं चित्रं काढायची थांबली. "कोण सुस्थितीत? आमच्या गळक्या छपराला विचारा म्हणावं! एकदा इकडे येऊन नाकाला रुमाल न लावता उभे राहा म्हणावं, मग..." आणि बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा त्या ओळीवर गेली. चौदा. विभागात वास्तव्यास. त्या मटकन मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. त्या चौदातला एकेक पत्ता त्यांना पाठ होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच! ज्या हाताने पोरांना वर चढवलं, त्याच हाताने ताईची नोकरी खोडली होती.

संध्याकाळी घरी त्यांनी पत्र नवऱ्यासमोर टाकलं. नवरा निवृत्त पोस्टमन. नोकरी संपून सहा वर्षं झाली तरी संध्याकाळी बुटांना पॉलिश केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने ब्रश बाजूला ठेवला, चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे बघ हं," तो म्हणाला, "तीस वर्षं मी उन्हातान्हात पत्ते शोधत फिरलो, आणि तू बसल्या जागी पत्ते तयार करत होतीस."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. पोस्टमन गडबडला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण ही बाई रडली की काय करायचं ते त्याला अजून समजलेलं नव्हतं. त्याने आपला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"खरं लिहून टाक ना," तो म्हणाला.

"अहो, असं कसं टाकू? कागद एकच, कार्यालय एकच. इथे खालचा पत्ता लिहिला की तिकडे टेकडीच्या शाळेतली जागा गेली. नऊ पोरं यंदा तिथे चाललीत. दप्तरं घेऊन झालीत त्यांची."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर ताई जाते. कानसेन पुन्हा यंत्र गटारात फेकतो. आणि ती बडबडी..." इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपणच खणलेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयात गेल्या. तिथली अधिकारी बाई पन्नाशीची, टेबलावर फायलींचा ढीग, त्या ढिगातच डबा उघडून जेवत होती. बाईंनी मनात भांडणाची जय्यत तयारी केली होती, पण हिचा दमलेला चेहरा बघून त्यांचा निम्मा जोर तिथेच ओसरला.

"हे बघा बाई," अधिकारी म्हणाली, "तुमच्या वस्तीत गरज आहे हे मला दिसत नाही का? मी त्याच रस्त्याने येते. पण मला डोळ्यांना दिसतं ते लिहिता येत नाही, पत्ता लिहावा लागतो. विसातली अकरा मुलं खालच्या विभागातली भरली, तर तुमचं अनुदान चालू राहील. मी गुरुवारी पडताळणीला येते."

"पालकांना बोलावून ठेवते."

"बोलवा. पण विचारणार मुलांना. पालक काय, मला हवं ते सांगतात. मूल सांगेल ते लिहीन. मूल बोलतच नसेल तर घरच्यांचं लिहीन. आणि एकदा खालचा पत्ता लिहिला गेला, की त्या मुलाला टेकडीची शाळा नाही. हे घरच्यांना आधी सांगा. मागाहून माझ्या दारात कुणी रडत यायला नको."

बाईंनी घरी येईपर्यंत बोटांवर हिशेब केला. सहा मुलं आधीपासूनच खालच्या पत्त्यावर. नऊ चालली टेकडीवर, त्यांना हात लावायचा नाही. उरली पाच, जी अजून वर्ष-दोन वर्षं बालवाडीत राहणार होती. पाचही हवी होती. चार असून भागणार नव्हतं.

त्या पाच घरांची माणसं संध्याकाळी खोलीत जमली. लॉन्ड्रीवाली, गॅरेजमधला फिटर, भंगारवाल्याची बायको, टेकडीवरच्या बंगल्यांचा वॉचमन, आणि आजी. बाईंनी काही झाकलं नाही. पत्ते मी लिहिले, चूक माझी, आता मागते आहे ते मात्र तुमच्याकडे, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. सांगताना त्यांचा तो प्रसिद्ध आवाज इतका बारीक झाला होता की फिटरने कानाला हात लावला.

लॉन्ड्रीवाली लगेच म्हणाली, "माझा लिहा खालचा. ऐकायलाच शिकला नाही तर टेकडीवर जाऊन तरी काय दिवे लावणार आहे?" फिटर आणि भंगारवाल्याची बायको, दोघांचीही मुलं ताईच्या हाताखालची, त्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. आजीचं तर उत्तर विचारायलाच नको होतं.

उरला वॉचमन. त्याच्या मुलीला ताईची काही गरज नव्हती. ती अशी चुरुचुरु बोलायची की तिला थांबवायलाच कुणीतरी नेमावं. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"बाई, रात्रभर मी त्यांची दारं राखतो," तो म्हणाला. "माझ्या पोरीला त्यांच्या शाळेचं दार उघडलं असतं, एवढी एकच आशा होती हो मला."

बाईंना वाटलं, आता हा उठून जाईल, आणि गेला तर आपण त्याला अडवायचं नाही.

"लिहा," तो म्हणाला. "पण ताई राहिली पाहिजे. एवढं करून ती गेली, तर मग मी माझ्या बायकोला तोंड दाखवू शकणार नाही."

"राहील," बाई म्हणाल्या. शब्द देऊन बसल्या.

तीन दिवसांत चौघांनाही खरा पत्ता शिकवला. पोरांना खरं सांगायला शिकवावं लागतं, असेही दिवस येतात! वॉचमनची मुलगी खमकी, तिने हटकलंच, "मग अकरा नंबर कुणाचा?" बाई म्हणाल्या, "तो मांजराचा." बडबडीला शिकवायचा प्रश्नच नव्हता. ती बोलणार नाही, आणि तिच्या वतीने आजी सांगेल. अकरा पक्के.

गुरुवारी अधिकारी बाई आली. मोठी खुर्ची एकच होती, ती तिने नको म्हटली आणि बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसली. पोरांना ते फारच आवडलं. पालक खिडक्यांपाशी आणि दारात उभे. एकेक मूल पुढे जायचं आणि अधिकारी विचारायची, "कुठे राहतोस रे बाळा?" टेकडीवर जाणारी नऊच्या नऊ पोपटासारखी बोलून मोकळी झाली. अधिकारी बाईने पाचव्यांदा 'अकरा नंबर' लिहिताना चष्म्यावरून मोठ्या बाईंकडे पाहिलं, आणि लिहिलं.

मग खालची मुलं. एकाने सांगितलं, "नळापाशी." दुसरा म्हणाला, "आमच्या घरी." तिसऱ्याने हात धरून दाराशी नेलं आणि बोटाने घर दाखवलं. अधिकारी बाई पहिल्यांदा हसली. कानसेनने यंत्राला हात लावून प्रश्न नीट ऐकला आणि "लॉन्डीच्या मागे" असं ठणठणीत सांगितलं. वॉचमनच्या मुलीने पत्त्याबरोबर शेजाऱ्यांची भांडणंही सांगायला घेतली, तिला आवरावं लागलं. सात, आठ, नऊ, दहा. शेवटी बडबडी उरली.

"आणि तू गं? तू कुठे राहतेस?"

बडबडी आजीचा पदर धरून उभी होती. अधिकारी बाईने थोडा वेळ वाट पाहिली.

"ती बोलत नाही, मॅडम," बाई म्हणाल्या. "आजी सांगतील."

"बरं. आजी, तुम्हीच सांगा."

आजीने तोंड उघडलं. तेवढ्यात थाप ऐकू आली. बडबडीने पदर सोडला होता. ती वाकून स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारत होती, आणि समोरच्या कोपऱ्यात बसलेल्या ताईचा हातही, नकळत, स्वतःच्या गुडघ्यावर पडत होता. ताईला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"मी," बडबडी म्हणाली. "राहते. अकरा. नंबरच्या. बंगल्यात. टेकडी. रस्त्यावर."

आवाज जाडसर होता, न वापरलेला. पण शब्द न् शब्द स्वच्छ. खोलीतली पोरं आ वासून बघत राहिली. कानसेनने तर यंत्र काढून तपासलं.

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने हात पुढे केले आणि बडबडी धावत जाऊन त्यांत शिरली. "शाबास!" ताई म्हणत होती. "शाबास गं माझी राणी! अगदी बरोबर!" आपली नोकरी गेली हे तिला कळलं नव्हतं असं नाही. पण त्या घडीला तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

अधिकारी बाईचं पेन कागदावर थबकलं होतं. "आजी," ती हळूच म्हणाली, "हे बरोबर आहे का?"

आजी भिंतीला टेकून उभी होती. इस्त्रीने भाजलेला हात तिने तोंडावर दाबून धरला होता. तो काढून ती म्हणाली, "साडेचार वर्षांत माझी पोर पहिल्यांदा परक्या माणसाशी बोललीय, बाई. ते खोटं आहे असं मी तिच्या तोंडावर नाही म्हणणार. मला नाही जमायचं. तिने सांगितलं तेच लिहा."

अधिकारी बाईने लिहिलं.

"म्हणजे दहाच झाले?" खिडकीतून लॉन्ड्रीवालीने विचारलं. मग तिने आवाज चढवला. "मग आमच्या पोरांचे पत्ते लिहिले, ते?"

"ते लिहिले गेले," अधिकारी बाई म्हणाली.

"म्हणजे टेकडीही गेली आणि ताईही गेली?"

वॉचमनने बाईंकडे पाहिलंही नाही, आणि तेच बाईंना सहन झालं नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी झेलल्या असत्या. तो नुसता मुलीची पिशवी खुंटीवरून काढून घेत होता.

खरं सांगायचं तर बाईंच्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसायचा. माणूसच त्या. काय करायचं ते त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि त्याची किंमत काय तेही दिसत होतं. ही खोली सोडून त्यांना दुसरं जगच नव्हतं. सकाळी उठून जायचं कुठे, कुणावर ओरडायचं, कुणाचं नाक पुसायचं? आजी काही म्हणत नाही, ताई काही म्हणत नाही, मग आपण कशाला तोंड उघडा? हेही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

"ताई," त्या म्हणाल्या, "हिला बाहेर ने. सगळ्यांनाच ने. अंगणात ने, खेळव. दार लावून घे."

"बाई, तुम्ही काही..."

"ने म्हणते ना!" हा मात्र जुना आवाज होता. गोदामापाशी ट्रकवाल्याने ब्रेक दाबला असेल.

ताईने मुलांना बाहेर नेलं, पालकही मागे सरले. दार लागलं. बडबडीच्या कानावर आता काही जाणार नाही याची खात्री करून घेऊन बाई अधिकाऱ्यासमोर दुसऱ्या बुटक्या खुर्चीवर बसल्या.

"तिचा पत्ता खोटा आहे," त्या म्हणाल्या. "ती गोदामाच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहते. अकरा नंबर मी लिहिला, मीच पाठ करून घेतला. पोरीची चूक नाही, आजीची नाही आणि ताईची तर नाहीच. तिच्या मनाविरुद्ध मी तिला शिकवायला लावलं."

अधिकारी बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि बाकीचे नऊ?" असं ती विचारेल म्हणून बाई जीव मुठीत धरून बसल्या होत्या. तिने तसं विचारलं नाही.

"बाकीच्या नोंदींबद्दल मी तुम्हाला काही विचारलेलं नाही," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्हीही मला काही सांगितलेलं नाही. पण ही एक नोंद बदलायची, तर मुख्य बाईंनी ती खोटी केल्याचं लेखी द्यावं लागेल. त्यावर तुमची मान्यता जाते. सव्वीस वर्षं असोत नाहीतर छप्पन्न. उद्यापासून या खोलीत मुलांपुढे तुम्हाला उभं राहता येणार नाही. दुसऱ्या कुठल्याही बालवाडीत नाही. कळतंय ना?"

"ताई राहील?"

"अकरा भरले की राहील."

"आणि मुख्य बाई?"

"कुणीतरी नेमतील. कदाचित तिलाच."

बाई थोडा वेळ खुंट्यांवरच्या पिशव्यांकडे बघत बसल्या. अधिकाऱ्याने फाईलमधून एक छापील कागद काढला, त्यातली रिकामी जागा दाखवली आणि पेन पुढे केलं. बाईंनी पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"पाच मिनिटं द्याल?" त्यांनी विचारलं. "डबे खायची वेळ झालीय. त्यांचे हात धुऊन देते, मग करते सही."

अधिकारी बाईने घड्याळाकडे पाहिलं. "घ्या," ती म्हणाली.

बाईंनी बाहेरच्या नळाशी पोरांची रांग लावली, बाह्या वर खोचल्या आणि एकेकाचे हात धुवायला सुरुवात केली. रोज त्या घाई करायच्या, चल रे, पुढचा, चल गं. आज त्यांनी नखंसुद्धा घासून काढली. अंगणात ताई मान खाली घालून डबे मांडत होती. वॉचमन फाटकापर्यंत जाऊन थांबला होता. त्याची मुलगी हात झटकत रांगेत घुसली आणि बाईंनी तिला दटावून शेवटी पाठवलं. कानसेन आला, खडूने माखलेला, त्याचे हात दोनदा धुवावे लागले. बडबडीचे हात धुताना ती वर बघून बाईंना म्हणाली, "मी राहते अकरा नंबरच्या बंगल्यात." या वेळी तिने थापा मारल्या नाहीत, कारण हात बाईंच्या हातात होते.

"हो गं बाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "कळलं मला." आणि त्यांनी तिचे हात पदराने कोरडे केले, पुढच्याला बोलावलं, विसाव्या पोराचे हात पुसून झाल्यावर नळ बंद केला आणि सही करायला आत गेल्या.